श्रवणाच्या पट्ट्यातली रेघ

लहानपणी तिच्या पायाला भिंगरी लागली आहे असं घरातले म्हणायचे. पुढे त्यातला ‘पाय’ हा शब्द गळला आणि नुसती भिंगरी उरली. लग्नानंतर नवऱ्यानेही तेच नाव उचललं, कारण तिला शांत बसलेलं त्याने फारसं पाहिलंच नव्हतं. जेवतानाही ती एक पाय खाली सोडून बसायची. कुणी हाक मारलीच तर उठायला सोपं.

नोकरीही तिला तशीच मिळाली होती. वीज कंपनीत ती मीटर रीडर होती. सकाळी पिशवी खांद्याला लावायची आणि निघायचं. जिन्याखाली, दुकानांच्या मागे, तळघरात, कोळिष्टकांत हात घालून मीटर शोधायचा, आकडा वाचायचा, फोटो काढायचा आणि पुढचं दार. मीटरच्या काचेवर वर्षानुवर्षांची धूळ असायची. फोटोत आकडा नीट दिसला नाही की साहेब परत पाठवायचे, आणि एकदा पुढे निघाल्यावर मागे जाणं तिच्या जिवावर यायचं. म्हणून ती ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फोटो उजळायला, काळा-पांढरा करायला, तिरका असेल तो सरळ करायला शिकली. धुरकट काचेतला आकडा तीन आहे की आठ, हे ती बसल्या जागी, म्हणजे उभ्या जागी, काढून द्यायची.

अशाच एका तळघराच्या ओल्या पायरीवर तिचा पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं.

"दीड-दोन महिने हा पाय खाली टेकायचा नाही," ते म्हणाले.

"मग मी करायचं काय?"

"बसायचं."

डॉक्टरांनी हे इतक्या सहज सांगितलं की तिला त्यांचा राग आला.

घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाहेरच्या खोलीत नवऱ्याचं शिलाई मशीन. तो पडदे शिवायचा, दुकानांचे, हॉटेलांचे, कधी नाटकाच्या स्टेजचे. दिवसभर खोलीत कापडाचे ढीग आणि मशीनची घरघर. पहिल्या आठवड्यात भिंगरीने खुर्चीवरून हात पोचेल तो प्रत्येक खण रिकामा करून पुन्हा भरला. मग खुर्ची सरकवत नवऱ्याच्या कपाटापर्यंत गेली आणि त्याचे दोऱ्याचे रीळ रंगवार लावून टाकले. संध्याकाळी त्याला पांढरा दोरा सापडेना.

"अगं, माझे रीळ कुठे गेले?"

"नीट लावलेत. फिक्यापासून गडदपर्यंत."

"मी ते जाडीप्रमाणे लावले होते!"

शिवणकामाची पट्टी प्लास्टरमध्ये घालून ती खाजवत बसली. त्या रात्री नवऱ्याने धाकट्या भावाला फोन केला. "हिला काहीतरी काम दे बाबा. नाहीतर मी मशीन घेऊन जिन्यात बसतो."

दीर औषधांच्या दुकानात होता. दोन गल्ल्या पलीकडे राहायचा, पण आभाळ मोकळं असलं की संध्याकाळी दुकानातून थेट ह्यांच्या गच्चीवर यायचा. त्याच्याकडे एक जुना कॅमेरा आणि स्टँड होता. दुसऱ्या संध्याकाळी तो लॅपटॉप काखेत घेऊन आला आणि तिच्यासमोर ठेवून म्हणाला, "वहिनी, तुम्ही मीटरचे फोटो साफ करता ना? आता हे करा."

तिने पाहिलं. काळ्या फोटोत एक ठिपका आणि त्याच्यापासून जरा दूर एक तिरका, पुसट, रंगीत ओरखडा.

"हे काय? कॅमेरा हलला का?"

"नाही हो. हा ठिपका म्हणजे तारा. मी भिंगापुढे एक काच लावतो. तिच्यावर डोळ्याला दिसणार नाहीत इतक्या बारीक रेघा मारलेल्या असतात. त्या ताऱ्याचा उजेड पसरवतात. निळ्यापासून लालपर्यंत. ह्याला वर्णपट म्हणतात. ताऱ्यात काय काय आहे ते ह्यात लिहिलेलं असतं."

"मला तर काही लिहिलेलं दिसत नाही."

"तेच तर काम आहे," तो म्हणाला. ते काम त्याच्याने होत नव्हतं. दोन वर्षांचे फोटो तसेच पडले होते. गच्चीवर तासन् तास उभा राहायचा, पण कॉम्प्युटरपुढे बसलं की दहा मिनिटांत डुलक्या घ्यायचा.

त्याने तिला रीत दाखवली. पट्टा तिरका असेल तर फोटो फिरवून तो आडवा करायचा. आजूबाजूचं आभाळ कापून टाकायचं. उरलेली बारीक फीत उंचीने दाबत दाबत एका ठिपक्याइतकी करायची आणि मग पुन्हा वर ओढायची. दाबताना फितीतले सगळे ठिपके एकमेकांत मिसळतात, त्यामुळे फुटकळ कचरा पुसट होतो आणि खरं असेल ते उभ्या रेघांसारखं दिसायला लागतं.

"म्हणजे इस्त्रीच की," ती म्हणाली.

तिने पहिला पट्टा दाबला आणि ओढला. फिकट ओरखड्याची रुंद, रंगीत फीत झाली, आणि तिच्यात निळ्याकडे, मग हिरवट भागात, मग दूर लालात एकेक काळी उभी रेघ दिसली. कंगव्याचे दात पडावेत तशी.

"हे दात कुणी पाडले?"

"हायड्रोजनने. ताऱ्याच्या बाहेरच्या थरातला वायू नेमके तेवढेच रंग गिळतो."

ती लॅपटॉपवर वाकून एकेक दात मोजायला लागली. तिची चुळबुळ थांबलेली बघून नवऱ्याने मशीन थांबवलं.

त्यानंतर लॅपटॉप तिच्याकडेच राहिला. ती काही स्थिर झाली नाही. पट्टा दाबायची, ओढायची, खुर्ची खिडकीपर्यंत सरकवायची, परत यायची, पुढचा पट्टा. बोटांनी टेबलावर ताल धरायची. प्लास्टरातला पाय उशीवर आणि दुसरा पाय मशीनच्या पायडलसारखा खालीवर. नवरा म्हणायचा, घरात आता दोन मशीनं चालतात. पण फोटो संपत होते. तिने ते ताऱ्यांप्रमाणे वेगळे केले, आणि एकाच ताऱ्याचे वेगवेगळ्या दिवसांचे पट्टे एकाखाली एक लावायला लागली. मीटरचा मागच्या महिन्याचा आकडा पाहिल्याशिवाय ह्या महिन्याचा कुणी लिहीत नाही, तशी ती सवयच होती.

त्यात तिला ती रेघ सापडली.

तारा होता श्रवण. त्याचे जुने पट्टे सगळे सारखे, लालात ठरलेल्या जागी काळी रेघ. पण शेवटच्या, परवापरवाच्या संध्याकाळच्या पट्ट्यात त्याच जागी रेघ काळी नव्हती. ती चकाकत होती. लालात लाल, पण बाकीच्यापेक्षा उठून दिसणारी.

दीर येताच तिने खुर्ची वळवली. "भाऊजी, इकडे बघा. हा तारा बदललाय."

त्याने वाकून पाहिलं आणि हसला. "तुम्ही फोटो धारदार केलात का? त्या बटणाने खोट्या कडा उमटतात, वहिनी. आमच्या आकाशदर्शनाच्या क्लबात नवीन माणूस आला की पहिली हीच चूक करतो."

"नाही केला."

"चुकून दाबलं गेलं असेल."

मग गच्चीवर जाताना जिन्यात तो कुणाशी तरी फोनवर बोलला, आणि दार उघडं होतं. "अरे, आमच्या वहिनी ताऱ्यांना लिपस्टिक लावतायत!"

ती फणकारली. जेवण अर्धं टाकलं. "तुझा भाऊ आहे म्हणून," असं नवऱ्याला उगाचच म्हणाली. तो बिचारा म्हणाला, "मी काय केलं?" दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मूळ फोटो उघडला आणि सगळं पहिल्यापासून केलं. धारदार काही केलं नाही. रेघ होतीच. रंग काढून टाकून काळ्या-पांढऱ्यात केलं. होतीच. त्या संध्याकाळी दिराने लागोपाठ बरेच फोटो काढले होते. ते सगळे एकेक करून दाबले, ओढले. सगळ्यांत होती. कॅमेऱ्यातला एखादा ठिपका बिघडलेला असला तर तो नेहमी एकाच जागी चमकतो, हे तिने कुठेतरी वाचलं. पण इथे तारा फोटोत सरकत होता आणि रेघही त्याच्याबरोबर सरकत होती. म्हणजे कॅमेऱ्याचा दोष नाही.

तिने संध्याकाळी ते सगळे पट्टे दिरापुढे मांडले. आता हसायची पाळी त्याची नव्हती. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "हे खरं असेल तर मोठी गोष्ट आहे."

"खरंच आहे."

"श्रवण असं कधी करत नाही."

"आता केलंय ना!"

तो त्या रात्री गच्चीवर गेलाच नाही. गेला असता तरी आभाळ भरून आलं होतं. पुढचे कितीतरी दिवस ते तसंच राहिलं. भिंगरी सकाळी उठली की आधी खिडकीतून ढग बघायची. पुन्हा फोटो काढून खात्री करायची सोय नव्हती, आणि क्लबाची महिन्याची बैठक जवळ आली होती. दिराने पट्टे तिथे दाखवायचे ठरवले. नव्या शर्टाला इस्त्री करून घेतली. दुकानात गोळ्या मोजताना चुकतो म्हणून मालकाने दोनदा झापलं, तेही हसत सांगितलं. त्याला इतकं खूश तिने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि ह्या गोष्टीने तिची उलट जास्तच चुळबुळ व्हायला लागली. का ते तिला कळेना.

बैठकीच्या दिवशी दुपारी नवरा एका हॉटेलचे पडदे पोचवायला गेला होता. घरात मशीनचा आवाज नव्हता, त्यामुळे तिला खुर्ची खायला उठली. काम असं काही उरलं नव्हतं. दिराला बैठकीआधी आणखी एक रुंद फीत करून फोनवर पाठवावी म्हणून तिने मूळ फोटो पुन्हा उघडला. एरवी ती फोटो उघडला की आधी पट्टा आडवा करून बाजूचं सगळं कापून टाकायची. आज कापण्याआधी तिने आख्खा फोटो उजळवला, मीटरची काळवंडलेली काच उजळवतात तसा, अगदी शेवटच्या टोकापर्यंत.

आभाळ राखाडी झालं. त्या राखाडीत आधी न दिसलेले बारीक बारीक तारे वर आले. आणि पट्ट्यात, नेमक्या लाल जागी, एक गोल गाठ दिसली. ती पट्ट्याच्या मधोमध नव्हती. अर्धी खाली लोंबत होती.

ताऱ्याच्या स्वतःच्या उजेडातली रेघ पट्ट्याच्या बाहेर कशी लोंबेल? हा दुसराच तारा होता. श्रवणाचा कुणी तांबूस शेजारी. त्या संध्याकाळी दिराने काच जरा वेगळी फिरवून बसवली होती, पट्टा वेगळ्या दिशेला पडला आणि नेमका ह्या ठिपक्यावरून गेला. तारे सगळे बरोबरच सरकतात, म्हणून तोही सरकत होता. आणि फीत दाबून ओढताना तिने स्वतःच त्या ठिपक्याची उभी रेघ केली होती.

तिचे कान गरम झाले. तिने दिराला फोन लावला. बंद. बैठकीत तो फोन बंदच ठेवायचा. पुन्हा लावला. मग तिने कुबड्या उचलल्या, दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन खाली पाहिलं. कुबड्यांवर जिना उतरायला तिला अजून येत नव्हतं. ती पहिल्या पायरीवर बसली आणि प्लास्टर पुढे धरून, एकेक पायरी बसत बसत, चार मजले उतरली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी दार उघडून विचारलं, "अगं, काय झालं? पडलीस का?"

"नाही. जरा बाहेर चाललेय."

"अशी?"

रिक्षावाल्याने कुबड्या मागे टाकल्या आणि तिला आधार देऊन बसवलं. वाटेत प्रत्येक सिग्नल लाल. तिच्या मनात दीर पडद्यासमोर उभा, हातात काठी, आणि समोर सगळे वहीत लिहून घेतायत. आपल्यामुळे. आपल्या हट्टामुळे.

बैठक एका शाळेच्या वर्गात असायची. ती पोचली तेव्हा दीर वर्गात नव्हताच. तो बाहेरच्या पायऱ्यांवर बसला होता, कोपर गुडघ्यावर टेकून. तिला कुबड्यांवर बघून तो धडपडत उठला.

"वहिनी! तुम्ही कशाला आलात?"

"भाऊजी, ती रेघ श्रवणाची नाही. शेजारचा तारा आहे. मी आख्खा फोटो..."

"कळलं," तो म्हणाला. "झालं ते सांगून."

"कुणी?"

"बाईंनी." बाई म्हणजे क्लबाच्या अध्यक्ष, रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. "मी पट्टा दाखवला आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, कापण्याआधीचा फोटो कुठे आहे? पट्ट्यांबरोबर तो पेनड्राइव्हवर होताच. लावला. त्यांनी उजळ करायला सांगितला. दोन मिनिटं लागली."

"हसले का सगळे?"

"हसले असते तर बरं झालं असतं. सगळे समजूतदारपणे माना हलवत होते."

ती त्याच्या शेजारी बसली. आपण एवढा जीव तोडून आलो ते कशासाठी, हे तिला आता सांगताही येईना. वर्गातून कुणीतरी ग्रहणाबद्दल बोलत असल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने तो उठला आणि रिक्षा बघायला गेला. घरापर्यंत दोघं एक शब्द बोलले नाहीत.

खाली जिन्यापाशी मात्र बोलावंच लागलं, कारण चार मजले चढायचे होते.

"उचलू का?" त्याने विचारलं.

"तुम्हाला पाठीचं दुखणं आहे. मी बसून येते."

ती पायरीवर पाठमोरी बसली आणि हातांवर जोर देऊन एकेक पायरी मागे वर सरकायला लागली. तो खालच्या पायरीवर उभा राहून तिचं प्लास्टर दोन्ही हातांत धरून, एकेक पायरी चढत होता. पहिल्या मजल्यावर दोघांनाही दम लागला.

"चूक तुमची नाही," तो एकदम म्हणाला, रागाने. "फोटो मी काढला. काच मी फिरवली. आख्खा फोटो माझ्याजवळ दोन आठवडे होता. मी एकदाही बघितला नाही."

"तुम्हाला आधी वाटलंच होतं की खोटं आहे म्हणून."

"ते चुकीच्या कारणाने वाटलं होतं. तुम्ही केलंय म्हणून." तो थांबला. "आणि मग बघितलं नाही, कारण मला बघायचंच नव्हतं. दिवसभर डोकेदुखीच्या गोळ्या देतो, वहिनी. मला वाटलं, एकदा तरी आपल्यामुळे काहीतरी सापडलं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या नव्या शर्टाची इस्त्री जिन्यात पार मोडली होती.

"मलाही तसंच वाटत होतं," ती म्हणाली. "पाय नीट धरा, कळ येतेय."

दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी पुन्हा दार उघडलं. "परत आलीस? ये, पाणी पी." दोघं तिथेच बसून पाणी प्याले. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत नवराही परत आला होता आणि उघड्या दारात कंबरेवर हात ठेवून उभा होता. दोघांना तशा अवस्थेत बघून त्याने तोंड उघडलं, पण बायकोचा चेहरा बघून मिटलं आणि मुकाट्याने खुर्ची आणायला गेला.

त्यानंतर दीर बरेच दिवस फिरकला नाही. आभाळ मोकळं झालं तरी गच्ची रिकामी. लॅपटॉप टेबलावर मिटलेला. भिंगरीने पुन्हा खण आवरायला घेतले, मग सोडून दिले. घर खायला उठलं होतं. शेवटी तिने क्लबाच्या बाईंचा नंबर मिळवला आणि फोन केला. आपण कोण ते सांगितल्यावर बाई लगेच म्हणाल्या, "त्या एका पायावर उड्या मारत आलेल्या वहिनी का तुम्ही? वर्गाच्या खिडकीतून दिसलात."

"उडी नाही, बसून आले. मला एक विचारायचं होतं. अशी चकाकणारी रेघ खरोखर असते का कुठल्या ताऱ्यात? की सगळं आमच्या डोक्यातलंच?"

"असते की. शर्मिष्ठा तारकासमूहातला मधला तारा बघा. त्याच्याभोवती वायूचं कडं आहे, ते पेटल्यासारखं उजेड देतं. फार पूर्वीपासून माहीत आहे सगळ्यांना."

"सगळ्यांना असू दे," ती म्हणाली. "मला माहीत नाही ना."

तिने दिराला निरोप धाडला, जरा हुकमी आवाजात: शर्मिष्ठेतला मधला तारा हवाय. काच दोनदा बसवायची. एकदा अशी, एकदा तशी. तो आला. आधी नवऱ्याशीच बोलला, चहा घेतला, पडद्यांच्या कापडाचा भाव विचारला. मग काही न बोलता स्टँड उचलून गच्चीवर गेला.

दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही फोटो आधी आख्खे उजळवून पाहिले. शेजारी पुष्कळ होते. पट्ट्यावर कुणीच नव्हतं. मग एकेक पट्टा आडवा केला, कापला, दाबला, ओढला. काच फिरवल्यावर पट्टा वेगळ्या दिशेला गेला होता, बाजूचे ठिपके बदलले होते, पण लालातली ती रेघ दोन्हींत एकाच जागी होती आणि चकाकत होती.

संध्याकाळी दिराने ती बघितली. "आहे," तो म्हणाला. एवढंच. मग खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला आणि चक्क डुलकी न घेता तासभर बसून राहिला.

तिला वाटलं होतं, खरी रेघ दिसली की जिवाला स्वस्थता येईल. तसं काही झालं नाही. कडं कशाने पेटतं, ते विझतं का, विझायला किती वेळ लागतो, श्रवणाला तसं कडं का नाही, असे प्रश्न तिने रात्री जेवताना नवऱ्यालाच विचारले. तो म्हणाला, "मला पडद्याची उंची विचार."

प्लास्टर निघालं तेव्हा पाय बारीक आणि फिका पडला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. ऑफिसात गेली तर साहेबांनी आपुलकीने नवी जागा दाखवली. खिडकीशेजारी टेबल, गादीची खुर्ची. बाकीच्यांनी काढलेले मीटरचे फोटो बसून तपासायचे. "तुमचा हात बसलाय त्यात. जिने चढायची कटकट नाही."

"किती वेळ बसायचं?"

"आठ तास. मध्ये जेवण."

तिने त्या खुर्चीकडे नीट पाहिलं. "साहेब, माझा फेरीचा रस्ता कुणाला दिला असेल तर तो परत द्या. हळू जाईन, पण जाईन."

साहेबांनी डोक्याला हात लावला, आणि रस्ता दिला. पहिल्या दिवशी ती लंगडत निघाली. दुपारपर्यंत नेहमीच्या निम्मीच घरं झाली होती आणि घोटा सुजला होता. एका जिन्याखाली मीटरची काच इतकी मळली होती की आकडा दिसेना. तिने रुमाल काढला, काच पुसली, एक फोटो आकड्याचा काढला आणि मग दोन पावलं मागे सरून आख्ख्या भिंतीचा एक काढला. मग पिशवी सावरली आणि पुढच्या दाराकडे निघाली.